‘हाच तो’ म्हणण्याआधी

पोलीस माणूस ओळखतात कसा, याविषयी बरीच पत्रं साठली आहेत. बहुतेक गिरगाव ते दादर या पट्ट्यातली आहेत. एकाचं उत्तर दुसऱ्याच्या प्रश्नात शिरतं, म्हणून निवडक प्रश्न या वेळी एकत्र घेतले आहेत.

प्रश्न : मी लालबागला राहते आणि सर जे. जे. कला महाविद्यालयात शिकते. कॉलेजच्या शेजारीच पोलीस आयुक्तालय आहे. संशयितांची ओळख पटवणाऱ्या विभागात चित्रकाराला नोकरी असते का? तिथे नेमकं काय काम चालतं?

उत्तर : मालिकांत दाखवतात तसा ओळख पटवण्याचा एकच मोठा विभाग मुंबई पोलिसांत नाही. हे काम अनेक ठिकाणी वाटलेलं आहे. रेकॉर्डवरच्या गुन्हेगारांचे फोटो आणि त्यांच्या गुन्हा करण्याच्या पद्धतींची नोंद गुन्हे शाखेकडे असते. बोटांचे ठसे अंगुलीमुद्रा विभागाकडे जातात. रक्त आणि डीएनएचे नमुने कालिन्याच्या न्यायसहायक वैज्ञानिक प्रयोगशाळेत तपासतात. साक्षीदाराकडून आरोपीची ओळख पटवून घेण्याची परेड तर पोलीस घेतच नाहीत, ती कार्यकारी दंडाधिकारी घेतात. रेखाचित्रं काढणारा चित्रकार मात्र अनेकदा बाहेरचा, हाक मारली की येणारा असतो. मुंबईत या कामासाठी सर्वांत परिचित नाव नितीन यादव यांचं. ते चेंबूरचे चित्रकला शिक्षक. शाळा सांभाळून ते वर्षानुवर्षं पोलिसांसाठी संशयितांचे चेहरे काढत आले आहेत.

या कामाचं मोल शहराला कळलं ते २०१३ मध्ये. त्या वर्षी २२ ऑगस्टच्या संध्याकाळी महालक्ष्मीच्या बंद पडलेल्या शक्ती मिलच्या आवारात एका तरुण छायापत्रकार मुलीवर सामूहिक बलात्कार झाला. ना. म. जोशी मार्ग पोलीस ठाण्यात गुन्हा नोंदला गेला. वर्णनांवरून पाच जणांची रेखाचित्रं तयार झाली. दुसऱ्याच दिवशी पहिली अटक झाली आणि आणखी काही दिवसांत पाचही जण पकडले गेले. यात खबऱ्यांचा आणि रात्रभर वस्त्या पालथ्या घालणाऱ्या पोलिसांचा वाटा मोठा आहे. पण ‘अंगाने बारीक, वय वीस-बावीस’ एवढंच वर्णन हातात असलेला पोलीस आणि कागदावर चेहरा घेऊन फिरणारा पोलीस यांच्या कामात फार फरक पडतो. चेहरा दाखवला की वस्तीतला माणूस ‘हा तर आमच्या गल्लीतला’ असं पटकन बोलून जातो.

तुम्ही चित्रकलेच्या विद्यार्थिनी आहात, म्हणून कामाची पद्धत जरा सविस्तर सांगतो. चेहरा ओळखणं आणि चेहऱ्याचं वर्णन करणं या मेंदूच्या दोन वेगळ्या शक्ती आहेत. आईच्या हातची आमटी पहिल्या घोटात ओळखू येते, पण ती कशी लागते ते सांगा म्हटलं की माणूस अडतो. साक्षीदाराचं नेमकं हेच होतं. शंभर चेहऱ्यांत तो त्या माणसाला ओळखेल, पण नाक कसं होतं विचारलं तर ‘साधंच होतं’ म्हणेल. हे ‘साधंच’ उलगडायचं हे चित्रकाराचं काम, आणि त्यात पेन्सिलीपेक्षा प्रश्न जास्त लागतात.

पहिला नियम असा, की सुरुवातीला साक्षीदाराला त्याच्या पद्धतीने, न अडवता बोलू द्यायचं. तो कुठे उभा होता, उजेड कुठून येत होता, किती वेळ पाहिलं, हे आधी काढून घ्यायचं, कारण जागा आठवली की माणूसही आठवू लागतो. त्यानंतर चेहऱ्याचा आकार, कपाळ, केसांची ठेवण, दोन डोळ्यांतलं अंतर. उंची फुटांत विचारून उपयोग नसतो. दाराच्या चौकटीच्या मानाने किंवा समोर बसलेल्या हवालदाराच्या मानाने विचारली तर उत्तर बरोबर येतं. अनेक चित्रकार डोळे, नाकं, ओठ यांचे नमुने दाखवून ‘यांतलं जवळचं कोणतं’ असं विचारतात. शेवटी चित्र समोर ठेवून ‘जमलंय का?’ असं विचारायचं नसतं, कारण दमलेला, घाबरलेला माणूस ‘हो’ म्हणून सुटका करून घेतो. ‘यात काय चुकलंय?’ असं विचारावं लागतं.

प्रश्नात उत्तर पेरायचं नाही, हा दुसरा नियम आणि मला तो सर्वांत महत्त्वाचा वाटतो. ‘मिशी होती का?’ असं विचारलं की साक्षीदाराच्या आठवणीत मिशी उगवते आणि मग ती तिथून जात नाही. ‘ओठांच्या वर काय दिसलं?’ असं विचारलं तर त्याला खरं सांगायला जागा राहते. अमेरिकेतल्या मानसशास्त्रज्ञ एलिझाबेथ लॉफ्टस यांनी १९७० च्या दशकापासून प्रयोग करून दाखवून दिलं आहे, की प्रश्नातला एखादा शब्द बदलला तरी पाहणाऱ्याची आठवण बदलते. शिवाय पोलिसांचा कुणावर संशय आहे हे चित्रकाराला ठाऊक नसेल तितकं बरं, नाहीतर हात नकळत त्या चेहऱ्याकडे वळतो.

नोकरीचं विचाराल तर केवळ रेखाचित्रांच्या बळावर पोटापाण्याची सोय होईल, अशी आशा मी दाखवणार नाही. अंगुलीमुद्रा विभागात मात्र पूर्ण वेळाचं काम आहे. त्यासाठी विज्ञानाची पदवी उपयोगी पडते, आणि तज्ज्ञ म्हणून मान्यता मिळायची तर केंद्रीय अंगुलीमुद्रा केंद्राची अखिल भारतीय परीक्षा उत्तीर्ण व्हावी लागते. तिथेही रेषा पाहण्याची तुमची सवय कामाला येईल.

प्रश्न : ऑपेरा हाउसच्या त्रिभुवनदास भीमजी झवेरी यांच्या पेढीवर १९८७ साली खोटी सीबीआय धाड पडली होती. त्या भामट्याला इतक्या लोकांनी जवळून पाहिलं होतं, तरी तो सापडला कसा नाही? (गिरगावातील एक वाचक)

उत्तर : चेहरा माहीत असणं आणि माणूस माहीत असणं यांतलं अंतर या प्रकरणात जितकं उघड दिसतं तितकं क्वचितच कुठे दिसतं. मोनसिंग या नावाने वावरणाऱ्या त्या माणसाने वर्तमानपत्रात जाहिरात देऊन ‘गुप्तचर अधिकाऱ्यां’साठी होतकरू पदवीधर मागवले, ताजमध्ये मुलाखती घेतल्या आणि सव्वीस जण निवडले. १९ मार्च १९८७ रोजी ही नवी भरती बसमध्ये घालून तो पेढीवर आला. दागिने आणि रोकड ‘पुरावा’ म्हणून ताब्यात घेतली, मुलांना दुकानावर पहारा द्यायला सांगितलं आणि बाहेर पडला, तो कायमचाच. खरेच अधिकारी झालो असं समजून ती मुलं तिथेच थांबून राहिली. पुढे या घटनेवरून ‘स्पेशल २६’ हा हिंदी चित्रपट निघाला.

त्याला पाहणारे कमी नव्हते. निवडलेली मुलं होती, पेढीवरचे कर्मचारी होते, हॉटेलातले लोक होते. त्याच्याशी ते बोलले होते, त्याच्या शेजारी बसले होते. साक्षीदार याहून चांगले कुठून आणायचे? तपास हॉटेलच्या नोंदीवरून केरळपर्यंत गेला आणि तिथे संपला. माणसाच्या आठवणीतला चेहरा कशाशी तरी ताडून पाहावा लागतो, आणि पोलिसांच्या दप्तरात त्याच्याशी जुळणारं काही नव्हतं. नाव खोटं, पत्ता खोटा, पूर्वीचा फोटो नाही, पूर्वीचा ठसा नाही.

याच्या उलट उदाहरण रामन राघव या खुन्याचं. १९६८ च्या पावसाळ्यात मालाड-गोरेगाव भागात झोपड्यांत आणि उघड्यावर झोपणाऱ्या लोकांच्या हत्या होत होत्या आणि सबंध शहर भीतीने जागत होतं. तपासाची सूत्रं गुन्हे शाखेच्या रमाकांत कुलकर्णींकडे होती. २७ ऑगस्टला उपनिरीक्षक अॅलेक्स फियालो यांनी डोंगरी भागात एक माणूस पाहिला आणि वर्णनावरून त्याला हटकलं. त्याने सिंधी दलवाई असं नाव सांगितलं. पण आधीच्या गुन्ह्यांमुळे त्याच्या बोटांचे ठसे दप्तरात होते. सिंधी दलवाई आणि रामन राघव हा एकच माणूस, हे त्या ठशांनी दाखवून दिलं. त्या माणसाला हेरणारी नजर फियालोंची, त्याचं खोटं नाव पाडलं ते जपून ठेवलेल्या कागदाने.

तो कागद सापडायचा कसा, हाही एक सुरस भाग आहे. हजारो माणसांचे दहा-दहा ठसे, आणि त्यांतून एक शोधायचा. १८९७ मध्ये कलकत्त्यात अंगुलीमुद्रा केंद्र सुरू झालं तेव्हा एडवर्ड हेन्री यांच्या हाताखालच्या अझीझुल हक आणि हेमचंद्र बोस या दोन भारतीय अधिकाऱ्यांनी ही अडचण सोडवली. कोणत्या बोटांवर चक्र आहे त्यावरून आकडे काढून सगळे कागद १,०२४ खणांत विभागायची रीत त्यांनी बसवली. ती पुढे स्कॉटलंड यार्डने उचलली आणि जगभर हेन्रींच्या नावाने ओळखली गेली. हक आणि बोस यांची नावं आपल्या शाळेच्या पुस्तकांत यायला हवीत, असं मला मनापासून वाटतं. आज हे काम संगणक करतो. महाराष्ट्राच्या ‘अँबिस’ प्रणालीत बोटांबरोबर तळहात, चेहरा आणि डोळ्यांतली बुबुळंही नोंदवता येतात. २०२२ पासून ‘नाफिस’ ही देशभराची यंत्रणा आहे, तिच्यात प्रत्येकाला दहा अंकी क्रमांक मिळतो. पण संगणक देतो ती संभाव्य नावांची यादी. त्यातला कोणता ठसा खरोखर जुळतो हे भिंग घेऊन तज्ज्ञानेच ठरवायचं असतं, आणि तज्ज्ञही चुकतो. २००४ च्या माद्रिद रेल्वे स्फोटांनंतर एफबीआयने एका पिशवीवरचा ठसा अमेरिकेतल्या ब्रँडन मेफिल्ड या वकिलाचा ठरवून त्याला अटक केली. ठसा दुसऱ्याच माणसाचा निघाला आणि एफबीआयला माफी मागावी लागली.

प्रश्न : आर्थर रोड तुरुंगात होणाऱ्या ओळख परेडबद्दल लहानपणापासून ऐकत आलो. मला पंच म्हणून बोलावलं तर जावं का? तिथे काय होतं? (परळमधील एक वाचक)

उत्तर : अवश्य जावं. सात रस्त्याजवळच्या त्या भिंतींमागे अनेक खटल्यांचं भवितव्य परेडच्या अर्ध्या तासात ठरलं आहे, आणि तिथल्या पंचाच्या डोळ्यांवर बरंच अवलंबून असतं.

मुंबई उच्च न्यायालयाच्या फौजदारी नियमपुस्तिकेत परेडची सगळी रीत दिली आहे. एका संशयिताबरोबर किमान अर्धा डझन ‘डमी’ उभे करायचे, आणि ते वयाने, उंचीने, रंगाने, बांध्याने त्याच्यासारखे दिसणारे हवेत. परेड तुरुंगात असेल तर बहुधा तिथलेच कच्चे कैदी डमी म्हणून घेतात. संशयिताच्या गालावर व्रण असेल तर तो झाकायचा किंवा सगळ्यांच्या गालावर त्याच जागी पट्टी लावायची. रांगेत कुठे उभं राहायचं हे संशयिताने ठरवायचं, आणि एक साक्षीदार जाऊन दुसरा यायच्या आत त्याला जागा व कपडे बदलू द्यायचे. ओळखून आलेला आणि अजून आत न गेलेला साक्षीदार यांची गाठ पडू द्यायची नाही. पोलीस तर त्या खोलीत थांबूच शकत नाहीत.

पोलिसांना बाहेर ठेवण्याचा हा नियम मला फार मोलाचा वाटतो. तपास करणाऱ्याला उत्तर ठाऊक असतं, आणि त्याची नुसती नजर किंवा श्वासही साक्षीदाराला वाट दाखवू शकतो. परेड घेणाऱ्याला संशयित कोण हे माहीत नसावं, यासाठी पाश्चात्त्य मानसशास्त्रज्ञ अलीकडची काही दशकं आग्रह धरत आहेत. आपल्याकडे दंडाधिकाऱ्याला संशयित माहीत असतो, एवढी उणीव राहते. पण पोलिसांना दाराबाहेर काढण्याचं शहाणपण आपल्या नियमपुस्तिकेत कधीचंच आहे.

पंच म्हणून तुम्ही डमी खरंच सारखे दिसतात का ते बघा. एकट्या संशयिताचीच दाढी वाढलेली असेल, किंवा त्याच्या एकट्याच्या पायात चप्पल नसेल, तर तिथल्या तिथे बोला आणि नोंद करायला लावा. साक्षीदार किती वेळ घुटमळला, काय म्हणाला, हेही त्याच्याच शब्दांत पंचनाम्यात येऊ द्या.

एवढा काटेकोरपणा कशासाठी, याचं उत्तर मुंबई उच्च न्यायालयाच्या २१ जुलै २०२५ च्या निकालात आहे. ११ जुलै २००६ रोजी चर्चगेटहून सुटलेल्या लोकलमध्ये सात स्फोट झाले. १८० हून अधिक माणसं गेली. २०१५ मध्ये विशेष न्यायालयाने बारा जणांना दोषी ठरवलं, त्यांतल्या पाचांना फाशी सुनावली. मुंबई उच्च न्यायालयाने त्या सगळ्यांची निर्दोष मुक्तता केली. त्यामागे अनेक कारणं होती, पण ओळखीचा पुरावा ढासळणं हे त्यांतलं मोठं कारण. परेड घेणाऱ्या अधिकाऱ्याला त्या वेळी ती घेण्याचा अधिकारच उरला नव्हता, असं न्यायालयाने म्हटलं. शंभराहून अधिक दिवस गप्प राहिलेल्या टॅक्सीचालकांनी एकदम चेहरे ओळखावेत, यावरही न्यायालयाचा विश्वास बसला नाही. तीन दिवसांनी सर्वोच्च न्यायालयाने हा निकाल इतर खटल्यांत दाखला म्हणून वापरू नये असं सांगितलं, मात्र सुटलेल्यांना परत तुरुंगात पाठवलं नाही. ज्यांची माणसं त्या गाड्यांत गेली त्यांच्या आणि इतकी वर्षं आत काढलेल्यांच्या दोघांच्याही वाट्याला काय आलं, याचा विचार करा. नेमणुकीचा कागद तपासणं आणि परेड वेळेत घेणं ही कामं किरकोळ नाहीत.

परेडमधली ओळख हा स्वतंत्र पुरावा नसतो. साक्षीदाराने न्यायालयात उभं राहून ओळखणं हा पुरावा, परेड त्याला टेकू देते. २६ नोव्हेंबर २००८ च्या हल्ल्यानंतर गिरगाव चौपाटीजवळ तुकाराम ओंबळे यांनी प्राण देऊन पकडून दिलेल्या कसाबच्या खटल्यातही साक्षीदारांनी न्यायालयात येऊन त्याला ओळखलं. त्यांत सीएसटीला गोळी लागलेली देविका रोटावन ही लहान मुलगी होती. सेबॅस्टियन डिसोझा आणि श्रीराम वेर्णेकर या छायाचित्रकारांनी टिपलेले फोटो होते, तरी त्या दोघांनाही साक्षीला उभं राहावं लागलं. फोटो कुणी, कुठून, कधी काढला हे माणसाने शपथेवर सांगायचं असतं.

प्रश्न : आता चौकाचौकांत कॅमेरे आहेत. दादरच्या कबुतरखान्याजवळच्या दुकानातलं फुटेज तर सगळ्यांनी टीव्हीवर पाहिलं. मग या जुन्या पद्धतींची गरज काय? (दादरमधील एक वाचक)

उत्तर : शहरातल्या सीसीटीव्हीचा प्रकल्प २०१६ मध्ये पूर्ण झाला. तेव्हा साडेचार हजारांहून अधिक कॅमेरे बसले आणि तपासाची रीतच पालटली. आता एका कॅमेऱ्यातून दुसऱ्यात, दुसऱ्यातून तिसऱ्यात असा माणसाचा माग काढत जातात. तुम्ही म्हणता ते फुटेज जानेवारी २०२५ मधलं. वांद्र्याला एका अभिनेत्यावर घरात घुसून हल्ला झाला, त्यातला संशयित दादरला मोबाइलच्या दुकानात दिसला होता. पण त्याच तपासातली दुसरी गोष्ट विसरू नका. फोटोशी मिळताजुळता दिसतो म्हणून एका तरुण चालकाला रेल्वे सुरक्षा दलाने छत्तीसगडमध्ये दुर्ग स्थानकावर गाडीतून उतरवलं. त्याचा या गुन्ह्याशी काही संबंध नव्हता आणि तो सुटला. तोवर त्याचा चेहरा देशभर ‘संशयित’ म्हणून दाखवून झाला होता. नोकरी गेली आणि ठरत असलेलं लग्न मोडलं, असं त्याने नंतर सांगितलं. त्याची भरपाई कुणी करायची?

धूसर फुटेजमधून वय, बांधा, केस इतकंच कळतं, आणि मुंबईत त्या वर्णनात बसणारी हजारो मुलं लोकलने ये-जा करत असतात. फोटोने शोध सुरू व्हावा. ओळख ठरवायला ठसा हवा, डीएनए हवा, नियमाने घेतलेली परेड हवी. आणि माझं ठाम मत आहे, की या चाचण्या होईपर्यंत पोलिसांनी कुणाचाही चेहरा वाहिन्यांकडे देऊ नये.

ठसे द्यायला आरोपी नकार देऊ शकतो का, असंही याच पत्रात विचारलं आहे. स्वतःविरुद्ध साक्ष द्यायची सक्ती कुणावर करता येत नाही, पण बोटांचे ठसे देणं ही साक्ष नव्हे, असं सर्वोच्च न्यायालयाच्या अकरा न्यायाधीशांनी १९६१ मध्येच ठरवलं. तो खटला तेव्हाच्या मुंबई राज्याचाच होता, काठी कालू ओघड याचा. २०२२ च्या कायद्याने ठशांबरोबर बुबुळं, पावलांचे ठसे, हस्ताक्षर आणि शारीरिक नमुनेही घेता येतात आणि नोंदी ७५ वर्षं ठेवता येतात. ७५ वर्षं हा काळ मला फार लांब वाटतो.

प्रश्न : लालबागच्या राजाच्या दर्शनाच्या गर्दीत गळ्यातली साखळी गेली. काळाचौकी पोलीस ठाण्यात वर्णन विचारलं, तर मला काहीच धड सांगता आलं नाही. असं पुन्हा झालं तर काय करू? (लालबागमधील एक वाचक)

उत्तर : वाईट वाटून घेऊ नका, धक्का बसल्यावर असंच होतं. पुढच्या वेळी आजूबाजूच्यांशी चर्चा करण्याआधी जे आठवतं ते मोबाइलवर लिहून ठेवा किंवा स्वतःच्या आवाजात बोलून ठेवा. दुसऱ्यांचं ऐकलं की त्यांनी पाहिलेलं आपण पाहिलं असं वाटू लागतं. कपड्यांपेक्षा चालण्याची ढब, कान, दात, हातावरचं गोंदण यांकडे लक्ष द्या, कारण शर्ट पुढच्या गल्लीत बदलता येतो. चोराने हात लावलेली पर्स किंवा बाटली असेल तर ती पुसू नका, कागदी पिशवीत घालून पोलिसांकडे द्या. व्हॉट्सअॅपवर फिरणारे ‘हाच तो चोर’ असे फोटो परेड होईपर्यंत पाहू नका. आणि पुढे परेडला बोलावलं, समोर सात-आठ जण उभे आहेत आणि त्यांत तो दिसत नाहीये, तर ‘यांत तो नाही’ असं सरळ सांगा. ते उत्तर नोंदवून घेणं दंडाधिकाऱ्याला बंधनकारकच आहे, आणि तुम्ही कुणाची निराशा केली असं मुळीच होत नाही.